जुनी झाली तरी जीटी-आर महाग कशी?

मा. संपादक,

निसानची जीटी-आर आर३५ ही स्पोर्ट्स कार ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे, १८ वर्षं जुन्या डिझाइनला एवढे पैसे का मोजायचे. २००७ ला जपानमध्ये आली तेव्हा ७७ लाख येनच्या आसपास होती, शेवटी शेवटी साधं मॉडेलसुद्धा १ कोटी ४० लाख येनच्या वर गेलं, म्हणजे जवळजवळ डबल, आणि आपल्याकडे २०१६ च्या शेवटी आली ती १.९९ कोटींना, तेही एक्स-शोरूम!

मला तरी ती किंमत पटते, निदान इंजिनासाठी. एका ओळखीच्यांनी बॉनेट उघडून दाखवलं होतं, आत इंजिनावर छोटीशी पट्टी आणि त्यावर ते ज्याने हाताने जोडलं त्या कारागिराचं नाव. योकोहामाच्या कारखान्यात हे 'ताकुमी' म्हणजे कुशल कारागीर मोजकेच होते, आणि एक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस जोडायचा. ३.८ लिटर, ट्विन टर्बो व्ही६, सुरुवातीला ४८० हॉर्सपॉवर, नंतर ५७०. दरवर्षी थोडं थोडं सुधारत नेलंय हो त्यांनी, नुसतं स्टिकर बदललं नाही.

हां, केबिन मात्र जुनंच वाटतं, आणि हळू चालवताना गिअरबॉक्सचा खडखड आवाज येतो तो मीही ऐकलाय. स्क्रीन आणि मऊ सीट हवी असेल त्याने पोर्शे घ्यावी. पण सेकंडहँड घेणाऱ्याने आधी गिअरबॉक्स नीट तपासून घ्या, तिथे खर्च निघाला तर फार मोठा निघतो.

— एक वाचक, पुणे