दादा, थँक्यू, आणि हे सगळ्यांसमोर

दादा, तुला फोनवर थँक्यू म्हटलं की तू 'सोड रे' म्हणून विषय बदलतोस, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय, आता वाच गुपचूप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोव्यात वेर्ण्याला आमच्या ऑफिसात सी प्लस प्लस भाषेतली एक जुनी लायब्ररी आहे, बार्ज (माल वाहणारी सपाट बोट) पाण्यात किती बुडालीय त्या खुणांवरून मालाचं टनेज काढणारी. लिहिणारे कधीच सोडून गेले, पण गणित चोख, हात लावायची कोणाची टाप नाही. नवीन कोड सगळा रस्ट या दुसऱ्या भाषेत आणि दोन्ही भाषांना जोडणारं मधलं बाइंडिंग हाताने लिहायचं असं ठरलेलं.

तिथेच तू अडवलंस. एक्स्टर्न सी, म्हणजे तिकडच्या फंक्शनची रस्टला करून दिलेली ओळख, हाताने लिहिलं की रस्ट आपल्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, दोन्हीकडचा कोड जोडणारा लिंकर बघणार फक्त फंक्शनचं नाव. तिकडून डबल (दशांशवाला आकडा) येतोय आणि इकडे आपण इंटिजर (पूर्णांक) लिहिलाय तरी बिल्ड पास! उत्तर प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये आणि आपण वाचतोय दुसराच, मग टनेज म्हणून काय वाट्टेल ते.

मग तू सीएक्सएक्स दाखवलंस, हे बाइंडिंग आपोआप बनवून देणारं टूल. सिग्नेचर, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय देतं ते, एकाच ब्रिज मॉड्यूलमध्ये लिहायच्या, त्यावरून मॅक्रो रस्टची बाजू तयार करतो आणि बिल्ड स्क्रिप्ट तोच मजकूर वाचून सी प्लस प्लसची. टायपिंग वाचतं ते सोड, मला पटलं ते तू टार्गेट फोल्डरमधली जनरेट झालेली फाइल उघडून एका ओळीवर बोट ठेवलंस तेव्हा. आपण लिहिलेल्या सिग्नेचरचा फंक्शन पॉइंटर (फंक्शनचा पत्ता धरणारा), आणि त्याला लायब्ररीतलं खरं फंक्शन असाइन केलेलं. बस, एवढंच! टाइप जुळला नाही तर सी प्लस प्लसचा कंपायलरच तिथे बोंबलणार, बार्ज मांडवीत उतरायच्या कितीतरी आधी.

आणि ते स्ट्रिंगचं. सीएक्सएक्स-स्ट्रिंग, म्हणजे सी प्लस प्लसकडचा मजकूर, बाय व्हॅल्यू (थेट रस्टच्या ताब्यात) का घेता येत नाही म्हणून मी वैतागलो होतो, तर तू भाजी-पाव खाता खाता बिलाच्या मागे चौकोन काढून दाखवलंस की छोटी स्ट्रिंग असली की तिचा पॉइंटर तिच्याच पोटात बघत असतो, रस्टने मूव्ह करताना बाइट उचलून दुसरीकडे ठेवले की पॉइंटर जुन्याच पत्त्यावर. म्हणून स्ट्रिंग जागेवरच ठेवून रेफरन्स नाहीतर युनिक पॉइंटर. डॉक्युमेंटेशनमध्येही आहे म्हणा, पण त्या बिलावरचं डोक्यात बसलं.

रिटर्न टाइप रिझल्ट, म्हणजे 'उत्तर किंवा एरर', नसेल आणि तिकडून एक्सेप्शन (काही बिघडल्याचा इशारा) आलं तर प्रोग्राम सरळ बंद पडतो, हेही तूच सांगितलंस, नाहीतर ते साइटवर कळलं असतं.

आता रस्टचं फंक्शन तिकडे कॉलबॅक म्हणून, म्हणजे तिकडून हाक मारता येईल असं, द्यायचंय आणि त्यात माझ्या बऱ्याच शंका आहेत. चवथीला फोंड्याला येतोयस ना? लॅपटॉप घेऊन ये, नेवऱ्या आई करतेच आहे.