सूचना : वजन आणि कंबरेच्या नोंदी

सर्व सभासदांसाठी,

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करावे. काटा तोच, कडक सपाट फरशीवर. सतरंजीवर तो चुकतो. आदल्या दिवशी खारट खाल्ले, नवा व्यायाम सुरू केला किंवा पाळी जवळ आली की अंगात पाणी साठते आणि रातोरात किलोभर वाढ दिसू शकते. ती चरबी नव्हे, म्हणून लगेच जेवण तोडू नका. आकडा रोज लिहा, तुलना मात्र ७ दिवसांच्या सरासरीचीच करा.

कंबर १५ दिवसांनी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. (पोट आत ओढून घेतलेले माप कोणाच्याच कामाचे नाही.)

सरासरी ३-४ आठवडे हललीच नाही, तर आहाराची वही तपासा. तेल, पेये आणि येताजाता तोंडात टाकलेले घास बहुधा लिहायचे राहतात.