कॉमिक्सच्या नव्या वाचकाला आयर्लंडची वाट दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या वयात कॉमिक्स वाचायला सुरुवात करणाऱ्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. मोठ्यांनीही चित्रकथा वाचाव्यात असे कुणीतरी छापून सांगितले, याचा आनंद वाटला. पण लेखातली यादी सगळी अमेरिकन सुपरहिरो आणि जपानी मांगा यांचीच होती, आणि तीही वर्षानुवर्षे चाललेल्या मालिकांची. ज्याने आजवर कॉमिक हातात धरलेले नाही, तो नेमक्या कुठल्या अंकापासून सुरुवात करायची इथेच अडतो आणि नाद सोडतो. मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहते, इथल्या ग्रंथालयातल्या वाचनगटात जाते आणि हे होताना पाहते. म्हणून आयरिश कॉमिक्सची शिफारस करायला हे पत्र.

आयर्लंडमध्ये कॉमिक्सचा मोठा धंदा कधी उभा राहिला नाही. इथले अनेक चित्रकार पोटापाण्यासाठी ब्रिटनच्या 'टू थाउजंड एडी' या कॉमिक्स साप्ताहिकाचे किंवा अमेरिकेतल्या मार्व्हलचे काम करतात. घरच्या मातीतली गोष्ट सांगायची झाली की ती बहुधा एकाच पुस्तकात पुरी करतात. नव्या वाचकाच्या ते पथ्यावरच पडते. मागचे शंभर अंक माहीत नसले तरी काही बिघडत नाही.

माझी पहिली शिफारस ल्यूक हीली या डब्लिनच्या चित्रकाराचे 'हाउ टू सर्व्हाइव्ह इन द नॉर्थ' (२०१६). गोष्ट आयर्लंडची नाही, उत्तर ध्रुवाकडची आहे, तरी सुरुवात हिच्यापासूनच करावी. तीन धागे एकत्र विणले आहेत. पहिला १९१३ साली बर्फात अडकलेल्या 'कारलुक' जहाजाचा. बर्फाने जहाज चिरडल्यावर कप्तान बार्टलेट एका सोबत्यासह बर्फावरून चालत सैबेरियाचा किनारा गाठतो, मागे राहिलेल्यांसाठी मदत आणायला. दुसरा धागा एडा ब्लॅकजॅकचा. आजारी मुलाच्या औषधोपचारासाठी पैसे हवेत म्हणून अलास्कातल्या इनुपियाक या आदिवासी समाजातली ही तरुण बाई १९२१ साली चार पुरुषांबरोबर सैबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगेल बेटावर शिवणकामाला जाते. तिघे मदत आणायला जातात ते परत येत नाहीत, चौथा आजारपणात जातो, आणि १९२३ मध्ये सुटका होईपर्यंत ती एकटी तगून राहते. या दोन्ही खऱ्या घटना. तिसरा धागा आजच्या काळातल्या एका काल्पनिक प्राध्यापकाचा.

आमच्या गटातले बरेच जण पहिल्या वाचनात नुसते संवादांचे फुगे वाचत सुटले, आणि आपण कुठल्या सालात आहोत हेच त्यांना कळेना. कादंबरी वाचायची सवय असलेल्या माणसाचे डोळे अक्षरांकडेच धावतात. पान उलटले की आधी चित्र पाहावे: अंगावर काय कपडे आहेत, खोली आहे की बर्फ, माणसे किती उरली आहेत. मग फुगे वाचावेत. दोन चौकटींच्या मधल्या जागेत किती वेळ गेला हे चित्रकार सांगत नाही, ते आपल्याला ठरवावे लागते. हीलींची रेषा इतकी साधी आणि मोजकी आहे की हे शिकायला यापेक्षा चांगले पुस्तक मला माहीत नाही. पूर्ण निःशब्द काही हवे असेल तर बॉब बर्न यांचे 'मिस्टर अँपरड्यूक' (२००८) पाहावे.

घरात मुले असतील तर कू खुलिन या आयरिश दंतकथेतल्या वीराच्या कथेकडे वळावे. कॉर्क परगण्यातल्या बॅलीकॉटनचे विल स्लायनी यांचे 'सेल्टिक वॉरियर' (२०१३) इंग्रजीत आहे. आयरिश भाषेत कोलमान ओ राइली यांनी लिहिलेले आणि बॅरी रेनल्ड्स यांनी चितारलेले 'अन तॉइन' (२००६) आहे. माझी मुलगी शाळेत आयरिश शिकते, मला ती भाषा येत नाही. चित्रांवरून काय घडतेय ते मी आधी सांगते, मग ती फुगे मोठ्याने वाचून मी कुठे बरोबर आणि कुठे चूक ते ठरवते. कू खुलिन आणि फर्डिया नदी पायी ओलांडायच्या उथळ जागी लढतात तो भाग आम्ही सर्वांत सावकाश वाचला. एकत्र वाढलेले, एकाच ठिकाणी शस्त्रविद्या शिकलेले हे दोघे, आणि राणी मेव्हच्या युद्धापायी एकमेकांसमोर उभे! डब्लिनला गेलात तर मुलांना जनरल पोस्ट ऑफिसमधला ऑलिव्हर शेपर्ड यांचा पुतळा जरूर दाखवा: खांबाला बांधून घेतलेला मरणोन्मुख कू खुलिन आणि त्याच्या खांद्यावर बसलेला कावळा.

ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या १९१६ च्या उठावाचे मुख्य ठाणे हेच पोस्ट ऑफिस. त्यावर गेरी हंट यांचे 'ब्लड अपॉन द रोझ' (२००९) आहे. हंट यांची रेषा खडबडीत आहे, गर्दीत चेहरे कधीकधी सरमिसळ होतात, पण डब्लिनचे रस्ते त्यांनी जीव ओतून काढले आहेत. उठावाचे एक नेते जोसेफ प्लंकेट यांनी गोळीबार पथकासमोर जाण्याच्या काही तास आधी तुरुंगात ग्रेस गिफर्डशी लग्न केले. ही ग्रेस स्वतः व्यंगचित्रकार होती, हे कॉमिक्सच्या वाचकाला ठाऊक असावे. त्याच जोडीला फिनूला डोरन यांचे 'द ट्रायल ऑफ रॉजर केसमेंट' (२०१६) वाचावे. काँगोतल्या अत्याचारांवर ब्रिटिश सरकारला अहवाल देणाऱ्या केसमेंट यांनी उठावासाठी जर्मनीची मदत मागितली, म्हणून त्याच सरकारने त्यांना ३ ऑगस्ट १९१६ रोजी लंडनमध्ये फाशी दिली.

कॉमिक्सलेखक गार्थ एनिस हे उत्तर आयर्लंडच्या होलीवुड गावचे, म्हणून लोक त्यांचे 'प्रीचर' नवख्याच्या हाती देतात. ते देऊ नये. लांबलचक आहे, भयंकर रक्तरंजित आहे, आणि घडते अमेरिकेत. गुन्हेगारी जगाची गोष्टच हवी असेल तर आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात घडणारे 'सॅव्हेज टाउन' (२०१७) घ्यावे. लेखन डेक्लन शॅल्वी, चित्रे फिलिप बॅरेट, रंग जॉर्डी बेलेअर. संवाद अस्सल लिमरिकच्या बोलीतले आहेत, त्यामुळे पहिली काही पाने नेटाने वाचावी लागतात. हेही मोठ्यांसाठीच.

आयर्लंडमधल्या मराठी वाचकांनी पुस्तके विकत घ्यायलाच हवीत असे नाही. सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व मोफत आहे, उशिराचा दंड २०१९ पासून बंद झाला आहे, आणि दुसऱ्या परगण्यातले पुस्तक आपल्या शाखेत मागवता येते.

एक विनंती. कॉमिक्सवर पुन्हा लिहाल तेव्हा लेखकाबरोबर चित्रकाराचे आणि रंग भरणाऱ्याचेही नाव छापावे. या वेळच्या यादीत फक्त लेखकांची नावे होती.

आपली,
एक नियमित वाचक,
कॉर्क, आयर्लंड