कमरेचं पिस्तूल आणि उघडा ट्रिगर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतले मराठी लोक आता कमरेला पिस्तूल लावून फिरतात असा लेख आला होता, तो आमच्या इकडच्या ग्रुपवर इतका फिरला की शेवटी म्हटलं लिहूनच टाकावं. मी डॅलसच्या उत्तरेला राहते, माझ्याकडे लायसन्स आहे आणि पिस्तूलही आहे, त्यामुळे विषय ऐकीव नाही. लेखकाने दोन गोष्टींवर भर दिलाय, एक म्हणजे ही पिस्तुलं प्लास्टिकची म्हणून बेभरवशाची, आणि दुसरं म्हणजे विमानतळावर सापडत नाहीत. दोन्ही चूक, आणि जे खरंच घाबरण्यासारखं आहे ते लेखात औषधालाही नाही.

प्लास्टिकचा फक्त खालचा सांगाडा आणि मूठ, नळी आणि वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड पोलादाचीच. जर्मनीत हेकलर अँड कॉखने 1970 मध्येच असं पिस्तूल काढलं होतं, मग 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी गॅस्टन ग्लॉकने ग्लॉक 17 बनवलं आणि सगळं मार्केटच फिरलं, आपले एनएसजीवालेसुद्धा ग्लॉक वापरतात, तेव्हा बेभरवशाचं वगैरे राहू द्या. आणि विमानतळाचं म्हणाल तर 2023 मध्ये इथल्या टीएसएने, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, चेकिंगला 6,737 बंदुका पकडल्या, शंभरातल्या नव्वदहून जास्त भरलेल्या, आणि पकडलेल्या लोकांचं नेहमीचं उत्तर काय तर बॅगेत आहे हे विसरलोच!

आता मुद्द्याचं. या पिस्तुलांना मागे दिसणारा घोडा (हॅमर) नसतो, आत स्ट्रायकर, म्हणजे गोळीवर आपटणारी स्प्रिंगची पिन असते, ग्लॉकमध्ये ती आधीच अर्धवट ताणलेली असते, ट्रिगर दाबला की उरलेला ताण बसतो आणि ती सुटते. बहुतेक मॉडेलला अंगठ्याने पाडायचा सेफ्टीचा खटका नाही. ग्लॉकला तीन सेफ्टी आहेत असं दुकानदार सांगतो ते खरंय, पण त्या तिन्ही ट्रिगर मागे गेला की आपोआप सुटतात, म्हणजे पडलं आपटलं तर वाचवतील, ट्रिगरमध्ये बोट किंवा दुसरं काही अडकलं तर नाही. आणि तो ट्रिगर दाबायला जोर लागतो साधारण अडीच किलोचा, जुन्या रिव्हॉल्व्हरला घोडा न ओढता दाबायचं तर याच्या दुप्पट तरी. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये गोविंदाच्या पायाला स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, हातातून सटकून पडलं असं तेव्हा छापून आलं होतं, तो प्रकार निराळा. पडून उडण्याची तक्रार या नव्या जातीत अजिबात नाही असंही नाही म्हणा, सिग सॉअरच्या पी320 वर 2017 मध्ये तेच झालं आणि कंपनीला फुकट अपग्रेड द्यावं लागलं, पुढे ट्रिगर न दाबता उडाल्याचे कोर्टात दावे झाले, कंपनी ते मान्य करत नाही. पण एकूण पाहिलं तर गोची ट्रिगरचीच.

म्हणून रोज जवळ बाळगायला पिस्तूल बघायचं तर मी आधी होल्स्टर, म्हणजे त्याचं म्यान, बघते. कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, त्या मॉडेलच्या मापाचं, ट्रिगरगार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकणारं, बाहेरून बोटाने दाबलं तरी ट्रिगर हलता कामा नये. मऊ कापडाची ती स्वस्तातली म्यानं मिळतात ना, ती फेकून द्या. पिस्तूल परत आत सरकवताना जॅकेटच्या नाडीचं टोक किंवा कुर्त्याचा काठ आत गेला तर तोच ट्रिगर ओढतो, आणि नळी तेव्हा आपल्याच मांडीकडे असते, तेव्हा खाली बघून, कपडा दुसऱ्या हाताने वर धरून, सावकाश. इथे कोण घाईत आहे?

बायकांना तर सर्रास सांगतात पर्समध्ये ठेवा. 2014 च्या डिसेंबरमध्ये आयडाहोतल्या हेडनच्या वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या पोराने आईच्या पर्समध्ये हात घातला, गोळी सुटली, आई जागच्या जागी गेली. पर्स खास पिस्तूल ठेवायचीच होती. मी हे प्रत्येक मैत्रिणीला सांगते, मग ती म्हणते कुर्त्यावर कमरेला पट्टा कसा लावू, बरोबर आहे, नाही लावता येत, मग त्या दिवशी पिस्तूल घरी तिजोरीत.

मॉडेलचं थोडक्यात. ग्लॉक 19 मध्ये 15 गोळ्या, भरलेलं साधारण साडेआठशे ग्रॅम, झाडायला सोपं पण दिवसभर कमरेला टोचतं. सिगचं पी365 बारीक, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) 10, लपतं छान पण हातात उसळतं, आणि नवशिक्याला नेमकं तेच विकतात. नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही भाड्याने मिळतात, झाडून बघा, आणि स्लाइड स्वतःच्या हाताने पूर्ण मागे ओढता येते का तेही बघा, नवऱ्याच्या नाही. अजून एक, ग्लॉक साफ करायला खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो, त्यामुळे आधी मॅगझिन काढून मग चेंबर, म्हणजे नळीच्या मागचा गोळी बसायचा कप्पा, डोळ्याने आणि बोटाने तपासायचं, उलट क्रमाने केलं की चेंबरमध्ये नवी गोळी जाऊन बसते. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी आणि सिगला ट्रिगर दाबल्याशिवाय खोलता येतं, मला हा फरक वजनापेक्षा मोठा वाटतो.

कायद्याचंही लेखात अर्धवट आहे. टेक्ससमध्ये 2021 च्या सप्टेंबरपासून 21 च्या वरच्याला लायसन्सशिवाय बाळगता येतं, म्हणजे एकही गोळी न झाडलेला माणूस दुकानातून थेट कमरेला लावू शकतो. लायसन्सच्या परीक्षेला निदान 50 गोळ्या झाडाव्या लागतात, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, 250 पैकी 175 मार्क हवेत. एच1बी वाल्यांना मुळात बंदूक जवळ ठेवता येत नाही, शिकारीचं लायसन्स असेल वगैरे अपवाद आहेत, पण ते लायसन्स काढलं की काम झालं असं सांगणाऱ्या पोरांनी आधी वकिलाला विचारावं, व्हिसा तुमचा आहे. न्यू जर्सीच्या नातेवाइकांकडे जाताना तर विषयच सोडा, तिथे 15 चं मॅगझिन चालत नाही.

आणि रोजचा दिवस बघा ना कसा असतो, ऑफिसमध्ये बंदी, मुलांच्या शाळेत बंदी, गणपतीचा कार्यक्रमही बहुतेक वेळा शाळेच्याच हॉलमध्ये. मग दिवसातून तीन-चारदा पार्किंगमध्ये गाडीत बसून ते काढायचं, गाडीत ठेवायचं, परत लावायचं, आणि गाड्या फोडून पिस्तुलं चोरीला जातात ती हीच. ज्याचा दिवस असा आहे त्याने घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, भले ग्रुपवर मला भित्री म्हणोत.

जाता जाता एक विनंती, लेखासोबत तुम्ही जो मोठा फोटो छापलात त्यात त्या बाईचं बोट ट्रिगरवर आहे. पुढच्या वेळी बोट सरळ, स्लाइडच्या बाजूला टेकवलेलं असेल असा फोटो घ्या.

– तुमची एक वाचक, डॅलस, टेक्सस