तारीख चुकते, सेकंद चुकत नाही : भंगारात निघालेल्या जीपीएससाठी खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ मी नौकांचे वायरलेस सेट दुरुस्त करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका शाकारलेल्या असतात, आणि वर्षाचं बहुतेक काम त्याच दोन महिन्यांत माझ्या टेबलावर येतं.

काही वर्षांपूर्वी तीन नौकांचे सेट मी चॅनल १६ ला, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झला, जुळवून दिले. नौका आपसात छान बोलत, पण किनाऱ्यावर आवाज फाटका येई. तांडेल म्हणाले, अँटेना बघा. अँटेना बदलली, केबल बदलली, खाऱ्या हवेने हिरवे पडलेले कनेक्टरही बदलले. खोट निघाली माझ्याच फ्रिक्वेन्सी काउंटरमध्ये, म्हणजे सेट किती मेगाहर्ट्झला आहे ते मोजणाऱ्या यंत्रात. त्याचा क्रिस्टल, म्हणजे ठेका धरणारा स्फटिक, जुना होऊन १० लाखांत २५ भाग सरकला होता. चॅनल १६ वर ते जवळजवळ ४ किलोहर्ट्झ होतात. तिन्ही सेट सारखेच चुकलेले, म्हणून एकमेकांना ऐकू येत होते. संकटात हाक मारायची ती याच चॅनलवर. आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मग काउंटर कशावर तपासायचा? उत्तर भंगारवाल्याकडे मिळालं. सीडीएमए या जुन्या पद्धतीच्या मोबाइलच्या टॉवरना अचूक वेळ लागे, म्हणून तिथे जीपीएस रिसीव्हर बसवलेले असत. ती सेवा बंद झाली आणि ते डबे किलोच्या भावाने निघाले. जीपीएसच्या उपग्रहांत रुबिडियम आणि सिझियमची अणुघड्याळं असतात. रिसीव्हर त्यांच्यावरून दर सेकंदाला एक ठोका देतो. एकेक ठोका काही नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) मागेपुढे होतो, पण ती चूक साठत जात नाही. डब्यातला १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दोन ठोक्यांमध्ये बरोबर १ कोटी वेळा हलला का, हे तो सतत मोजतो आणि क्रिस्टलला हळूहळू जागेवर आणतो. मोकळ्या आकाशाखाली अँटेना लावून दिवसभर चालू ठेवला की हजार कोटीत एखादा भागच चुकतो. माझा काउंटर आता त्याच्यावरच चालतो.

असे रिसीव्हर टाकून देण्याचं एक कारण तर फारच वाईट वाटावं असं आहे. जीपीएस आठवडे १०२४ पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू करतो. मागचा फेरा ७ एप्रिल २०१९ ला आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास पुरा झाला. जुने रिसीव्हर तेव्हा, किंवा आपापल्या बांधणीप्रमाणे थोडे मागेपुढे, साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवू लागले. लोकांना वाटलं, बिघडले. पण सेकंदाचा ठोका पूर्वीसारखाच अचूक आहे, आणि फ्रिक्वेन्सीला तारीख लागतच नाही.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला देशभरातल्या नौकांवर १ लाख ट्रान्सपॉन्डर (नौकेची जागा कळवणारी आणि संदेश देणारी-घेणारी यंत्रं) बसवण्याची योजना सुरू झाली. ते हवेतच. पण नवं यंत्र आलं की जुनं अडगळीत जातं. नौकेवरच्या प्रत्येक जीपीएसचा उपयोग होईल असं मी म्हणणार नाही. काहींच्याच आतल्या मॉड्यूलवर ठोका बाहेर देणारी पिन असते, टॉवरचे डबे मात्र थेट कामाचे.

म्हणून विनंती अशी : आपल्या खात्याच्या गस्तीनौकांवरचे आणि कार्यालयांतले जुने रिसीव्हर लिलावात काढण्याआधी रत्नागिरी आणि मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनांना विचारावं. बंदीच्या काळात मच्छीमार सोसायट्यांमार्फत नौकांवरचेही गोळा करावेत. त्यातून किनाऱ्यावर दोन ठिकाणी जरी खात्रीचे १० मेगाहर्ट्झ देणारे डबे उभे राहिले, तरी माझ्यासारख्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला आपलं माप तिथे नेऊन तपासता येईल.

जुलैत सांगाल त्या दिवशी मी माझा डबा, अँटेना आणि तो सरकलेला क्रिस्टल घेऊन दाखवायला येईन.

आपला विश्वासू,
मिरकरवाड्याचा एक वायरलेस दुरुस्तीवाला