पैजेचं पत्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, पत्र चार वर्षं उशिरा येतंय, हे आधीच मान्य करते. २०२१ च्या मोसमात मोटो टूचं, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या मधल्या वर्गाचं, अजिंक्यपद तुमच्या गार्डनरचं की माझ्या राउलचं, ही ती पैज. अट तुमचीच होती: हरेल त्याने पेनाने, कागदावर, पत्र लिहून हार कबूल करायची. फोनवर पुटपुटलेलं धरलं जाणार नाही. मी लगेच हो म्हणाले, कारण हरायचा माझा विचारच नव्हता. मग हरले, आणि तेव्हापासून "आठ विजय मोठे की पाच?" या एकाच प्रश्नावर तुम्हाला टोलवत राहिले.

१९ ऑक्टोबरला राउल फर्नांदेझ ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला मोटोजीपीची शर्यत जिंकला, तेव्हा मी ओरडतच फोन केला होता. मोठ्या वर्गातला त्याचा पहिला विजय, आणि त्याच्या टीमचाही पहिलाच. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "छान झालं. माझं पत्र कुठंय?"

तर घ्या. आई, तू मोठ्याने वाच. ऑपरेशननंतर महिनाभर त्यांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाहीये. आणि मला बोलणी बसतील अशा जागा गाळू नकोस, त्यांना कळतं.

तू आपल्या पैजेच्या, गुण मांडलेल्या वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस ते बरं झालं. नुसत्या आठवणीवर लिहिलं असतं तर माझ्या सोयीने लिहिलं असतं. ती पानं आज पुन्हा मोठी करून पाहिली. पट्टीने आखलेले रकाने, डावीकडे ८७, उजवीकडे २५. नावं मावेनात म्हणून तुम्ही गाड्यांचे नंबरच लिहिलेत. ८७ म्हणजे तुमचा रेमी गार्डनर, २५ म्हणजे माझा राउल. दोघे एकाच टीमचे, अकी आयोच्या. गाड्याही सारख्याच.

८७ तुम्हाला का आवडला ते मला पक्कं आठवतंय. त्याचे वडील वेन गार्डनर १९८७ साली ५०० सीसी वर्गाचे जगज्जेते झाले. पोराने तोच आकडा गाडीवर चिकटवला. "बापाचं साल पुढे लावून पळतो," असं तुम्ही दोनदा म्हणालात. मी म्हटलं, वशिल्याचा दिसतोय. त्यावर तुम्ही चिडलात. "वशिला असता तर सहा-सहा वर्षं याच वर्गात घासत बसला असता का?" आणि ते खरंच होतं. २०१८ मध्ये मोटोक्रॉसच्या सरावात त्याचे दोन्ही पाय मोडले होते. पहिली शर्यत जिंकायला २०२० चा नोव्हेंबर उजाडला. माझा राउल तिकडून खालच्या मोटो थ्री वर्गातून नुकताच वर आलेला, वीस वर्षांचा, आणि तिसऱ्याच शर्यतीत पोर्तुगालला पहिला. त्याच संध्याकाळी आपली पैज लागली. तेव्हाचे गुण गार्डनर ५६, फर्नांदेझ ५२. आई मात्र सॅम लोव्झच्या बाजूने होती, कारण कतारच्या दोन्ही शर्यती त्यानेच मारल्या होत्या. पोर्तुगालला तो पहिल्याच लॅपला पडला. मग आईने पंचगिरी पत्करली.

आई, तुझा तो प्रश्न मी अजून लोकांना सांगते. मी मोठ्या ऐटीत समजावत होते, की या मधल्या वर्गात २०१० पासून सगळ्यांना इंजिन एकच मिळतं. आधी होंडाचं ६०० सीसी, २०१९ पासून ट्रायम्फचं ७६५ सीसी, तीन सिलिंडरचं. टीमने ते उघडायचंसुद्धा नाही. तू म्हणालीस, "सगळ्यांचं इंजिन एकच, मग शर्यत कसली?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नव्हतं. आता देते. शर्यत उरलेल्या सगळ्याची. बहुतेकांची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, कॅलेक्स कंपनीची, टायर तेव्हा सगळ्यांचे डनलॉपचे. म्हणजे सरळ रस्त्यावर कोणी कोणाला फारसं मागे टाकू शकत नाही. जे काय कमवायचं ते ब्रेक लावताना आणि वळणातून बाहेर पडताना. त्यात मोटोजीपीसारखं मागचं चाक घसरलं की आपोआप सावरून घेणारं इलेक्ट्रॉनिक्स या गाड्यांना नाही. उजवं मनगट किती आणि केव्हा पिळायचं, एवढंच. सुरुवातीला टायर नवे असतात, टाकी भरलेली असते, तेव्हा गाडी जड चालते. शेवटच्या पाच-सहा लॅप्सना टाकी हलकी, पण मागचा टायर झिजून पकड गेलेली. सुरुवातीला ज्याने तो ओरबाडला तो इथे मागे पडतो. कोणी किती जपला होता ते शेवटीच दिसतं. तू पीठ शेवटच्या पोळीपर्यंत पुरवतेस ना, तसं. (बाबा, ही उपमा तिच्यासाठी आहे. तुम्ही हसू नका.)

आता हिशेब. पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, असं उतरत पंधराव्याला १. एकूण शर्यती अठरा. मे संपता संपता मुजेलोपासून तुमचा गार्डनर सुटला. मुजेलो, बार्सिलोना, साक्सेनरिंग, लागोपाठ तीन विजय. मुजेलोला राउल अगदी चाकाला चाक लावून दुसरा. पण त्या मुजेलोच्या पानावर आकड्यांशेजारी काहीच शेरा नाही. इतर सगळ्या पानांवर तुमच्या दोघांच्या टिपा आहेत, तिथे नाही. त्याच शनिवारी मोटो थ्रीच्या पात्रता फेरीत जेसन दुपास्किए पडला, मागून आलेल्यांना टाळता आलं नाही, आणि रविवारी तो गेला. १९ वर्षांचा होता. आई, तू त्यानंतर दोन शर्यती पाहिल्याच नाहीस. बार्सिलोनाच्या वेळी मी फोन केला तर म्हणालीस, "मी आत आहे, बाबांशी बोल." मी तेव्हा काही विचारलं नाही.

साक्सेनरिंगला राउल पडला. वहीत २५ खाली पहिला भोपळा. गार्डनर १६४, राउल १२८. बाबा, तुमचा त्या दिवशीचा आवाज मला अजून सहन होत नाही.

मग अॅसनला राउल जिंकला, ऑस्ट्रियातली दुसरी शर्यत जिंकला. फरक १९ वर आला. मी पुन्हा बोलायला लागले. लगेच सिल्व्हरस्टोनला तो पुन्हा पडला, गार्डनर जिंकला, फरक ४४. हा मुलगा एक तर पहिला यायचा नाही तर खडीत जायचा. मला तेव्हा तेच आवडत होतं. वहीत मात्र सिल्व्हरस्टोनसमोर तुम्ही लिहिलंय: "घाई." एकच शब्द.

आणि त्यानंतरचं अॅरागॉन. हे पान माझं आहे, इथे मी थांबणार. सरावात त्याच्या हाताचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया करून, तो हात घेऊन तो आला. मोटरसायकलवर हात मोडका असणं म्हणजे काय, याचा विचार करा. ताशी दोनशे-अडीचशेवरून ब्रेक लावला की अंगाचा सगळा भार पुढे मनगटांवर येतो, आणि दर लॅपला हे पुन्हा पुन्हा. तो जिंकला. आईने समासात लिहिलंय, "हात मोडलेला!!" दोन उद्गारचिन्हं. पुढच्या आठवड्यात मिसानो जिंकला. मग ऑस्टिन जिंकला, आणि ऑस्टिनला गार्डनर पडला.

सबंध मोसमात तो एकदाच असा शून्यावर राहिला. वहीत ते शून्य केवढं मोठं काढलंय तुम्ही! रकान्याबाहेर गेलंय. फरक ३४ वरून थेट ९. मी फोन केला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, आणि मी, देवाशपथ, गाणं म्हणून दाखवलं. त्याबद्दल हे पत्र पैजेत नसतं तरी लिहायला हवं होतं.

२४ ऑक्टोबर, पुन्हा मिसानो. आदल्या दिवशी राउल एकवीस वर्षांचा झालेला. पुढे होता. शर्यत त्याच्या हातात होती. आणि पडला. पुढचं चाक गेलं की पोटात जे होतं ते मला इतक्या लांबून, एवढ्याशा स्क्रीनवर झालं. शर्यत लोव्झने मारली, आईला उगाच आनंद. गार्डनर सातवा, ९ गुण. मी म्हटलं, समोरचा पडला असताना सातवा येणं ही काय जगज्जेत्याची लक्षणं? तुम्ही म्हणालात, "नऊ लिहितो."

पुन्हा पोर्तुगालला, पोर्टिमाओत, गार्डनर पहिला, राउल दुसरा. फरक २३. आणि १४ नोव्हेंबरला व्हॅलेन्सिया. मोटोजीपीचा दिग्गज रॉसी, त्याची शेवटची शर्यत त्याच दिवशी, म्हणून सगळं जग ती बघायला बसलेलं. आपण तिघं त्याच्या आधीची बघत होतो. राउल जिंकला तर गार्डनरला तेरावं यायला लागणार होतं. चौदावा आला असता तर दोघांचे गुण सारखे झाले असते, आणि बरोबरी झाली की जास्त शर्यती जिंकलेला पुढे. म्हणजे माझा. राउल जिंकला. गार्डनर दहावा आला. ३११ आणि ३०७.

आठ विजय विरुद्ध पाच. मोटो टूमध्ये पहिल्याच वर्षी आठ शर्यती आजवर कोणी जिंकल्या नव्हत्या. मार्क मार्केझने २०११ मध्ये सात जिंकल्या होत्या. मी हाच आकडा चार वर्षं तुमच्या तोंडावर मारत आले, की ही गुणपद्धतच भित्र्यांची आहे.

काल रात्री वही समोर घेऊन मी एक गणित केलं. राउल तीनदा पडला: साक्सेनरिंग, सिल्व्हरस्टोन, मिसानो. त्यातल्या कुठल्याही एका दिवशी तो न पडता नुसता बारावा आला असता, तरी ४ गुण मिळाले असते. ३११ ला ३११. आणि विजय आठ, म्हणून अजिंक्यपद त्याचं. नुसतं बारावं! ज्या मुलाने मोडक्या हाताने पहिलं येऊन दाखवलं, त्याला एका दिवशी बारावं येणं जमलं नाही. तुमच्या गार्डनरला सातवं, दहावं येता येत होतं, आणि ते येताना त्याला लाज वाटत नव्हती. हे गणित मी २०२१ मध्येच करू शकले असते. मुद्दाम केलं नाही.

तर बाबा, मी हरले. पाच मोठे.

आणखी थोडं तुमच्या बाजूचं लिहिते, पैजेचं व्याज म्हणून. गार्डनर बाप-लेकांच्या आधी दोघेही जगज्जेते झालेली जोडी एकच होती, केनी रॉबर्ट्स थोरला आणि धाकटा. आणि मधल्या वर्गात ऑस्ट्रेलियाच्या माणसाने अजिंक्यपद मिळवलं ते १९६९ च्या केल करुथर्सनंतर थेट यानेच. पुढे मोटोजीपीत दोघांनाही एकाच टीमने नेलं आणि पहिलं वर्ष दोघांचंही वाईट गेलं. गार्डनरला तर वर्षभरातच काढलं. तो सुपरबाइकच्या शर्यतींना गेला, अजून पळतो. मागच्या महिन्यात राउल जिंकला ते फिलिप आयलंड, जिथे वेन गार्डनर १९८९ मध्ये पहिलीच ऑस्ट्रेलियन ग्रांप्री जिंकले होते, हे मी फोनवर मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुम्ही तेवढ्यावरून पुन्हा ८७ काढला असतात.

एक विचारायचं राहिलं. फोटो मोठे करून पाहताना लक्षात आलं. कतारपासून जूनपर्यंतचे आकडे तुमचे, कोरल्यासारखे. ऑगस्टपासून ७ आणि १ ओळखू येत नाहीत. ते ऑस्टिनचं शून्य रकान्याबाहेर गेलंय ते रागाने, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आणि पोर्टिमाओपासून पुढचं सगळं, व्हॅलेन्सियाचे ६ आणि २५, आणि शेवटची बेरीजसुद्धा, आईच्या अक्षरात आहे. हात तेव्हापासून थरथरत होता ना? दर रविवारी आपण तासतास बोलत होतो आणि मला टायर कुठला लावलाय तेवढं माहीत होतं.

मी महिनाअखेरीला येतेय, दहा दिवस. डॉक्टरांची वेळ त्यात बसेल अशी घ्या. पेपर, रिपोर्ट, गोळ्यांची नावं, सगळं आईने एका पिशवीत घालून ठेवावं. नवी वही मी आणते.

आणि आई, वाचून झालं की शेवटच्या पानावर, बेरजेच्या खाली, "पैज वसूल" असं लिहून बाबांची सही घे आणि मला फोटो पाठव. लिहायचं पण त्यांनीच. रकान्याबाहेर गेलं तर जाऊ दे.

तुमची,
धाकटी