फेंटॅनिल लावलं म्हणून घाबरू नका

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई, आधी तुझ्या मनातली धास्ती. बाबांच्या दुखण्यावरचं मॉर्फिन बंद करून फेंटॅनिल हे दुसरं वेदनाशामक लावलं, म्हणजे आता सगळं संपत आलं असं तू धरून बसली आहेस. तसं नाही गं. हा बदल बाबांच्या किडन्यांमुळे केलाय.

मॉर्फिन लिव्हरमध्ये मोडतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतात. क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडन्या थकल्या, की ते अंगात साठत जातात. बाबा, तुम्हाला दिवसभर येणारी गुंगी, हातापायांना बसणारे बारीक झटके, रात्री खोलीत नसलेली माणसं दिसणं, हे सगळं त्या साठ्याने होऊ शकतं. अशा वेळी मॉर्फिनच आणखी वाढवलं असतं तर त्रास वाढला असता. फेंटॅनिलही लिव्हरमध्येच मोडतं, पण त्यातून उरतं ते जवळजवळ निष्क्रिय असतं, म्हणून किडनी थकलेल्या माणसाला ते जास्त मानवतं. मॉर्फिन वाईट, असा याचा अर्थ नाही. किडन्या बऱ्या असतील तर आजही बहुतेक डॉक्टर आधी त्यालाच हात घालतात.

फेंटॅनिल मॉर्फिनपेक्षा "शंभरपट कडक", हा शब्द तुझ्या डोक्यात बसलाय. पण ती तुलना वजनाची आहे. १० मिलीग्रॅम मॉर्फिनच्या इंजेक्शनने जेवढा आराम पडतो, साधारण तेवढाच १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१ मिलीग्रॅम फेंटॅनिलने पडतो. बाबांना शंभरपट औषध जात नाहीये. उलट, एका औषधावरून दुसऱ्यावर नेताना हिशेबाने येणाऱ्या डोसपेक्षा बरंच कमी, बहुधा पाव ते निम्म्याने कमी देऊन सुरुवात करतात, कारण नव्या औषधाची शरीराला तेवढी सवय नसते. त्यामुळे सुरुवातीला दुखणं थोडं डोकं वर काढेल. बाबा, तेव्हा सोसू नका, लगेच सांगा. मधल्या दुखण्यासाठी वेगळा जादा डोस लिहिलेला असतो. तो मागणं म्हणजे कमजोरी नव्हे आणि व्यसन तर नव्हेच. तो किती वेळा लागला, हे बघूनच शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपाचा वेग ठरतो.

शिरेतून दिलेल्या फेंटॅनिलचा गुण काही मिनिटांत येतो, पण एका डोसाचा असर अर्ध्या-एक तासात ओसरतो. मॉर्फिनचा तीन-चार तास टिकायचा. म्हणून पंप बंद पडू देऊ नका. अलार्म वाजला की नर्सला लगेच हाक मार, आई. सुईच्या जागी लाली किंवा सूज दिसली तरी सांग, जागा बदलता येते.

हायड्रोमॉर्फोन या आणखी एका वेदनाशामकाबद्दल बाबांनी विचारलं होतं. तेही चांगलं औषध आहे, दीड मिलीग्रॅममध्ये १० मिलीग्रॅम मॉर्फिनचं काम करतं. त्याचं दाट इंजेक्शन मिळतं, म्हणून शीर सापडेनाशी झाली आणि त्वचेखालून मोठा डोस द्यायची वेळ आली तर ते सोयीचं पडतं. फेंटॅनिलच्या एका मिलीलीटरमध्ये सहसा ५० मायक्रोग्रॅमच असतं, त्यामुळे त्वचेखाली पाणी फार जातं. किडन्या थकल्या की हायड्रोमॉर्फोनचेही अवशेष अंगात साठतात, पण सहसा मॉर्फिनइतका त्रास देत नाहीत. पुढे गरज पडली तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

आत्याने सुचवलेलं पेथिडिन हे वेदनाशामक मात्र नको. त्याचा असर लवकर जातो आणि त्याच्या अवशेषांनी फिट येऊ शकते. बाबांच्या किडन्या अशा असताना तर नकोच नको.

आई, तू हळू आवाजात विचारलंस ते राहिलंच. या इंजेक्शनांनी बाबांचं आयुष्य कमी होईल का? दुखण्याच्या मापाने, बेताबेताने वाढवलेल्या औषधाने तसं होत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. श्वासावर परिणाम व्हायचा असेल तर त्याआधी बहुधा गुंगी वाढते, माणूस हाकेला नीट ओ देत नाही. तसं वाटलं तर नर्सला सांगायचं, पण त्या भीतीपोटी बाबांना कळा सोसायला लावायच्या नाहीत. माझं याबाबत अगदी ठाम मत आहे.

पोट साफ होण्याचं औषध फेंटॅनिलवरही चालूच ठेवा. मॉर्फिनपेक्षा फेंटॅनिलने बद्धकोष्ठता थोडी कमी होते, पण राहतेच.

उद्या राउंडला डॉक्टर आले की मला फोन लावून स्पीकरवर ठेव. जादा डोस किती आणि किती वेळाने घेता येईल, ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय.

तुमची,
मनू